धरण तुडुंब, तरी नळ कोरडा: मधल्या वाटेत पाण्याचं काय होतं?

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की पैठणला जत्रा लागते. जायकवाडीच्या २७ दरवाज्यांपैकी किती उघडले, किती फुटांनी उघडले, याचे व्हिडिओ सकाळच्या चहाआधी मोबाइलवर येऊन पडतात. लोक मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला जातात, कणसं खातात, फोटो काढतात. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला घरी परततात, तर सोसायटीच्या ग्रुपवर दुसराच मेसेज: तांत्रिक कारणामुळे आपल्या भागाचा पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलला आहे. धरण २०२४ मध्ये भरलं, २०२५ मध्येही भरलं. शहराच्या बऱ्याच भागांत नळाचा वार मात्र आठवड्यातून एकदाच येत राहिला. सोलापूरकरांना हे नवं वाटणार नाही. भलंमोठं उजनी धरण भरूनही त्यांनी चार-चार, पाच-पाच दिवस वाट बघितली आहे.

माझी मावशी अशाच एका गावात राहते. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनच खुणा असतात, गॅस कधी लावला आणि पाणी कधी आलं. दरवाजे उघडल्याची बातमी बघत तिने मला विचारलं, "अरे, पाणी मावेना म्हणून नदीत सोडतात, मग आमच्या नळाला सोडायला काय होतं?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याचं नीट उत्तर द्यायला मला दोन चहा लागले. तेच इथे लिहितो. संभाजीनगरचं उदाहरण घेतो, कारण तिथे या दुखण्याच्या सगळ्या गाठी एकाच जागी बघायला मिळतात.

आधी हिशेब

बातम्यांत पाण्याची दोन मापं येतात. धरणाचं माप टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. शहराचं माप एमएलडी, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एक माप कणगीतल्या धान्याचं, दुसरं रोज दळायला काढायच्या पायलीचं. कणगी भरलेली आहे म्हणून पीठ आपोआप डब्यात येत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी मानक आहे. संभाजीनगरची लोकसंख्या पंधरा लाख धरली तर रोज २०० एमएलडी लागतात. वर्षाचे झाले अडीच टीएमसीहून थोडे जास्त. नाथसागराचा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसी आहे. म्हणजे शंभर घागरींतल्या साडेतीन घागरीही शहराला लागत नाहीत.

आणखी एक गंमत बघा. भरलेल्या नाथसागराचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाने त्याच्यावरून दिवसाला नुसते पाच मिलिमीटर पाणी उडालं, तरी ते १७५ कोटी लिटर होतं. शहराची दिवसाची गरज वीस कोटी. सूर्य शहराच्या जवळपास नऊपट पाणी पितो आणि त्याला पाणीपट्टीही नाही. दरवाज्यांतून एक लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, विसर्ग चालू असेल, तर शहराचं अख्ख्या दिवसाचं पाणी सव्वा मिनिटाच्या आत पुलाखालून निघून जातं.

दुष्काळात गोष्ट वेगळी असते, हे खरं. लातूरला २०१६ मध्ये मांजरा धरणच आटलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तिथे कणगीच रिकामी होती. पण जायकवाडीच्या तळाशी, उपयुक्त साठ्याच्या खाली, सुमारे २६ टीएमसीचा मृतसाठा असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात धरण त्या पातळीला गेलं, तरी पिण्यासाठी पाणी उपसता आलं. त्यामुळे संभाजीनगरपुरतं तरी 'धरणात पाणी नाही' हे उत्तर अपुरं आहे. अडतं ते पुढे.

पाणी चढावर येतं

धरण भरतं तेव्हा नाथसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. शहर आहे साधारण ५६० ते ५७० मीटरवर. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. शहराच्या वाट्याचा प्रत्येक थेंब शंभरएक मीटर वर चढवावा लागतो. तीस मजली इमारतीच्या गच्चीवर हंडा न्यायचा, तोही लिफ्टशिवाय, असं समजा.

हे काम पंप करतात आणि पंपाला वीज लागते. पंपात वाया जाणारी वीज धरून हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला सुमारे ०.४ युनिट लागतं. ऐकायला किरकोळ. पण रोज १२५ एमएलडी आणायचे म्हटले की पन्नास हजार युनिट होतात. युनिटला सात-आठ रुपये धरले तर रोजचे साडेतीन-चार लाख, नुसते चढवण्याचे. चाळीस किलोमीटर नळीच्या भिंतींना घासत येण्याचा खर्च आणखी वेगळा. नदीत पाणी सोडायला दरवाजा उचलला की झालं. नळाला सोडायला मात्र वीजबिल येतं. मावशीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

याच शहराला एकेकाळी बिनविजेचं पाणी मिळत होतं. सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणायची. ती बघून 'आत्ताच्यांना का जमत नाही' असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तेव्हाचं गाव आताच्या एखाद-दोन वॉर्डांएवढं आणि पाणी वरच्या अंगाला. आता शहर प्रचंड आणि पाणी खालच्या अंगाला. नहरीचं कौतुक करावंच, पण तिच्या उतारावर आजचं शहर भागणार नाही.

वीज पाच मिनिटं गेली, तर पाणी पाच तास का जातं?

धरणापासून तोटीपर्यंत पाणी टप्प्याटप्प्याने येतं. धरणाच्या काठावर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची मोठी विहीर. तिथून फारोळ्याचं शुद्धीकरण केंद्र, तिथे तुरटी, गाळणी, क्लोरीन. तिथून नक्षत्रवाडीला उंचावर आणि मग शहरातले जलकुंभ, म्हणजे आपण ज्याला पाण्याची टाकी म्हणतो ते.

आता पाच मिनिटं वीज गेली. पंप थांबतात. चढावर निघालेलं हजारो टन पाणी एकदम थबकतं आणि उलटं फिरू बघतं. बाथरूमचा नळ झटक्यात बंद केला की भिंतीतली नळी 'धप्' करते ना, तोच हा दणका, हजारो पटींनी मोठा. जुनी नळी असेल तर सांध्यातून फुटते. पेपरात 'पैठण रस्त्यावर जलवाहिनी फुटली, पाण्याचे कारंजे' असा फोटो येतो, त्यामागे पुष्कळदा हाच दणका असतो. नाही फुटली, तरी सगळे पंप एकदम चालू करता येत नाहीत. नळीतली हवा काढत एकेक सुरू करावा लागतो. तोवर शहरातल्या टाक्यांनी तळ गाठलेला असतो.

इथून पुढचा भाग एकेरी रुळावरच्या गाड्यांसारखा. एका टाकीतून सोमवारी या दहा गल्ल्या, मंगळवारी त्या दहा, असं आठवड्याचं वेळापत्रक बसवलेलं असतं. सोमवारची टाकी भरली नाही, तर सोमवारचं पाणी मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी. गाडी एकदा लेट झाली की मधे मोकळा दिवस असल्याशिवाय वेळेवर येत नाही आणि मोकळा दिवस वेळापत्रकात नसतोच. तुमच्याकडे लाइट गेलेली नसताना तुमचं पाणी पुढे ढकललं जातं ते यामुळे. लाइट गेली होती पैठणला, तीही परवा.

नळीचा व्यास आणि वीस वर्षं

संभाजीनगरच्या जुन्या दोन योजनांची क्षमता अनुक्रमे ५६ आणि १०० एमएलडी. पहिलीची मुख्य नळी ७०० मिलिमीटर व्यासाची, दुसरीची त्याहून मोठी. शहर त्यांच्या पुढे कधीच निघून गेलं. नळीच्या बाबतीत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दाब तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पाणी दुप्पट येत नाही, चौपटही नाही, जवळपास सहापट येतं. मोठ्या नळीत भिंतीला घासणारं पाणी कमी आणि मधून मोकळं धावणारं जास्त असतं. उलट जुन्या नळीत गंज आणि खपल्या चढून व्यास थोडा जरी घटला, तरी पाण्याचा मोठा वाटा जातो. म्हणूनच पंप वाढवून फारसा फायदा होत नाही. बारीक स्ट्रॉने उसाचा रस ओढताना गाल कितीही आत घेतले तरी जेमतेमच येतो.

मग मोठी नळी टाकायला हरकत काय होती? इथे गोष्ट भौतिकशास्त्रातून निघून कचेरीत शिरते. 'समांतर जलवाहिनी', म्हणजे जुन्या नळ्यांच्या जोडीला नवी मोठी नळी, हा शब्द ऐकत शहरातली एक पिढी शाळेतून नोकरीत गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे सोपवला गेला, २०१६ मध्ये महापालिकेने तो करार मोडला. मग १,६८० कोटींची नवी योजना आली, डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा आकडा २,७४० कोटींवर गेला. काम किती झालं याचा हिशेब उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे द्यावा लागला. नवी नळी २,५०० मिलिमीटरची आहे. पैठण रस्त्याच्या कडेला तिचे तुकडे मांडून ठेवले होते तेव्हा उंच माणूस हात वर करून आत उभा राहिला तरी बोटं छताला जेमतेम टेकावीत, एवढी.

उशिराची कारणं ऐकली तर हसावं की रडावं कळत नाही. पोलादाचे भाव वाढले. ज्या पट्ट्यातून नळी जायची, त्याच पट्ट्यात महामार्गाचं रुंदीकरण निघालं. जायकवाडी पक्षी अभयारण्य असल्याने धरणात बांधकाम करायला वन्यजीव विभागाची परवानगी हवी. आणि जॅकवेल बांधायची ती भर पाण्यात बांध घालून, म्हणजे धरण भरलं की ते काम आणखी अवघड. ज्या पावसासाठी सगळा मराठवाडा देव पाण्यात घालून बसतो, तोच पाऊस पाण्याची योजना लांबवतो.

सरासरीने चार बादल्या, मग आठ दिवसांनी का?

आता हिशेब थोडा उलटा मांडू. जुन्या नळ्यांतून रोज १२५ एमएलडी शहरात आले, असं धरा. पंधरा लाख माणसांत वाटले तर माणशी ८० लिटरच्या वर येतात. वीस लिटरच्या चार बादल्या. १३५ च्या मानकापेक्षा कमी, पण अंघोळ, स्वयंपाक, धुणं-भांडी यांना काटकसरीने पुरतील एवढ्या. चार बादल्या रोज शहरात येतात, तर त्या रोज घरी का येत नाहीत?

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हा सर्वात मोलाचा प्रश्न आहे आणि याच्यावर सर्वात कमी बोललं जातं. नेत्यांना धरण आवडतं, कंत्राटदारांना मोठी नळी आवडते. टाकीपासून तोटीपर्यंतच्या गल्लीतल्या नळ्यांवर नारळ फोडायला कोणी येत नाही.

पाण्याला घरात शिरायला दाब लागतो. दाब येतो उंचीतून. टाकी बारा मीटर उंच असेल तर बारा मीटरचा दाब आणि तो दर वळणाला, दर सांध्याला, दर नळजोडणीला थोडा थोडा खर्च होतो. टाकीजवळच्या घराला धो धो, शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. शहर वाढलं तशी त्याच जुन्या नळीला पुढे पुढे शेपटं जोडत गेले. पाचशे घरांसाठी टाकलेल्या नळीवर दोन हजार घरं आली. सगळ्यांना एकदम पाणी सोडलं तर दाब कोणालाच पुरत नाही. म्हणून वाटे पाडायचे, आज या गल्ल्या, उद्या त्या. पाण्याचा वार असा जन्माला येतो.

हे वाटे पाडतो लाइनमन. रस्त्याच्या मधोमध लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो, त्याला लागते माणसाच्या कमरेएवढी टी आकाराची चावी. मावशीच्या गल्लीत मी ते एकदा रात्री अडीचला बघितलं. लाइनमनदादा ओठांतल्या ओठांत आटे मोजत होते. वरच्या गल्लीला सोळा आटे, उताराच्या गल्लीला नऊ. "उताराला पूर्ण खोललं की वरच्यांना नुसता फुसफुस आवाज," ते म्हणाले. हे नऊ-सोळाचं गणित कुठल्या नकाशावर नाही, त्यांच्या डोक्यात आहे. ते रजेवर गेले आणि बदलीचा माणूस आला, की त्या आठवड्यात वरच्या गल्लीत भांडणं होतात.

टिल्लू मोटर: आजार की औषध?

पाच जणांच्या घराला मानकाप्रमाणे आठ दिवसांचं पाणी किती? ५,४०० लिटर. पाणी येतं तासभर. म्हणजे मिनिटाला ९० लिटर भरायचं. अर्ध्या इंची नळ चांगल्या दाबाला मिनिटाला पंधराएक लिटर देतो. तासाला झाले ९००. उरलेले साडेचार हजार कुठून आणायचे?

म्हणून टिल्लू मोटर. थेट नळाला लावायची आणि नळीतलं पाणी ओढून घ्यायचं. एकाने लावली की शेजारच्याची धार बसते, म्हणून शेजारी लावतो. महिन्याभरात गल्ली मोटरवर जाते आणि मोटर न लावणारं एकच घर उरतं, बहुधा भाडेकरूचं किंवा एकट्या म्हातारीचं. अधूनमधून मोटरजप्तीची मोहीम निघते. मोटर बेकायदा आहे आणि तिच्यामुळे इतरांचं पाणी तुटतं, हे सगळं खरं. तरी आठ दिवसांचं पाणी एका तासात भरायला लावून लोकांच्या मोटरी उचलून नेणं मला न्यायाचं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट घराघरांत होते. नळ यायच्या दिवशी पिंपात, हौदात उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून देतात, अंगणात सडा मारतात आणि ताजं भरून घेतात. आठ दिवस जपून वापरलेलं पाणी नवव्या दिवशी मोरीत. पुन्हा नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून जो तो गरजेपेक्षा मोठी टाकी बसवतो आणि ती काठोकाठ भरतो. टंचाईमुळे पाणी आठ दिवसांनी सोडावं लागतं, असं आपण समजतो. आठ दिवसांनी सोडल्यामुळेही टंचाई होते, हे तेवढंच खरं आहे.

गळती सापडत का नाही?

शुद्ध करून सोडलेलं, पण ज्याचं बिल कोणालाच लागत नाही असं पाणी म्हणजे हिशेबाबाहेरचं पाणी. त्यात फुटक्या नळ्या आल्या, चोरून घेतलेल्या जोडण्या आल्या, भरून वाहणाऱ्या टाक्या आल्या. केंद्र सरकारच्या २००८ च्या मानकांप्रमाणे हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत असावं. देशातल्या बऱ्याच शहरांत ते ३० ते ५० टक्क्यांच्या घरात मानलं जातं. 'मानलं जातं' असं म्हणतो, कारण मोजायला मीटर नाहीत. टाकीतून किती गेलं आणि घरात किती पोचलं, हे दोन आकडे माहीत नसतील तर मधलं कुठे सांडलं ते कसं कळणार?

गळती शोधणारा माणूस रात्री रस्ता शांत झाला की जमिनीला काठी किंवा यंत्र लावून आवाज ऐकतो. भरल्या नळीतून दाबाने निसटणारं पाणी सूं सूं करतं. पण नळी आठवड्यातून तासभरच भरलेली असेल आणि तेव्हा गल्लीभर मोटरी घरघरत असतील, तर तो ऐकणार काय? रिकामी नळी फुटकी असली तरी गप्प असते.

आणि ती रिकामी असताना आणखी काहीतरी घडतं. जिथून पाणी बाहेर जातं, तिथूनच बाहेरचं आत येतं. आपल्याकडे पाण्याची नळी आणि ड्रेनेज बऱ्याच गल्ल्यांत शेजारी शेजारी आहेत. नळीतला दाब गेला, वर टिल्लूने ओढ घेतली, की भेगेतून आजूबाजूचा चिखल-सांडपाणी आत खेचलं जातं. नळ आल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, त्यात हेही असतं. म्हणून शुद्धीकरण केंद्रावर पाणी उत्तम आणि नळाला वास, असे दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. ग्रामपंचायतीचा पाणी कर्मचारी ओटी टेस्ट करतो, पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला की क्लोरीन आहे, ती याचसाठी. शहरात ही तपासणी घरी करून मागणारे फार थोडे.

"चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. फुटक्या नळ्या आणि मीटर नाही, अशा अवस्थेत चोवीस तास पाणी सोडलं तर गळतीही चोवीस तास चालेल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी गल्लीतल्या नळ्या बदलायच्या, मग मीटर, मग चोवीस तास. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरने पंधराहून अधिक वर्षांपूर्वी हे करून दाखवलं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये थेट नळाचं पाणी पिण्याजोगं, तेही चोवीस तास दिलं. नळ कायम चालू असेल तर कोणी पिंप भरून ठेवत नाही, शिळं पाणी ओतत नाही. किराणा दुकान कोपऱ्यावर असेल तर घरात साखरेचं पोतं लागत नाही, तसंच. मलकापूर लहान आहे, तिथलं जसंच्या तसं पंधरा लाखांच्या शहरात उचलता येत नाही, हेही कबूल. नागपूरने २०१२ पासून खासगी कंपनीच्या मदतीने हा प्रयोग मोठ्या शहरात चालवला आहे, त्याचं कौतुक करणारे आणि शिव्या घालणारे दोन्ही भरपूर भेटतात.

"मीटर हवेनेच फिरतो"

फिरतो, हे खरंच आहे. रिकाम्या नळीत पाणी शिरताना आधी हवा ढकलली जाते आणि साधा मीटर हवेलाही पाणी समजून मोजतो. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत मीटर बसवला तर लोक भांडणारच आणि त्यांचं चुकणार नाही. नळी कायम भरलेली असेल तर हा वाद उरत नाही.

मीटर म्हणजे खासगीकरण, ही भीती मात्र वेगळी काढून ठेवायला हवी. मीटर नगरपालिकाही लावते. पाणीपट्टीची अडचण मोठी आहे. संभाजीनगरला वर्षाला चार हजारांच्या वर असलेली पाणीपट्टी २०२२ मध्ये निम्म्यावर आणली गेली. आठ दिवसांआड म्हणजे वर्षाला पंचेचाळीसेक वेळा पाणी, तर चार हजार कशाचे, ही लोकांची तक्रार रास्तच होती. पण पट्टी घटली की वीजबिल, दुरुस्ती आणि लाइनमनचा पगार यांना पैसा उरत नाही. पाणी नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून पाणी नाही. तेच घर पिण्याचे जार आणतं तेव्हा लिटरला रुपया मोजतं, म्हणजे हजार लिटरला हजार रुपये, आणि मे महिन्यात टँकरवाल्याला वेगळे. टँकरवाल्यांमुळे पाणी येत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. टँकरवाल्याला कट करायची गरजच पडत नाही. नळाची वेळ चुकली की त्याचा फोन आपोआप वाजतो.

"कंपन्यांना पाणी आहे, आम्हालाच नाही"

एमआयडीसीची जायकवाडीवरून स्वतंत्र योजना आहे, स्वतंत्र नळी, मीटर आणि घरगुती दराच्या कितीतरी पट दर. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. दुष्काळात प्राधान्य कोणाला, हा प्रश्न म्हणून बरोबरच आहे. पण त्यांचं पाणी तोडलं म्हणून ते आपल्या गल्लीत येत नाही, कारण नळीच वेगळी. त्यांच्याकडून शिकण्यासारखं एकच, एका कारखान्याच्या दारात पाणी किती वाजता किती लिटर पोचलं हे तिथे लिहिलेलं असतं.

"मग मोठी नळी आली की सुटलो का?"

नवी योजना ३९० एमएलडीच्या आसपासची आहे. धरणापासून शहराच्या वेशीपर्यंतचा प्रश्न तिच्याने मिटावा. वेशीच्या आत जलकुंभ आणि गल्ल्यांतल्या शेकडो किलोमीटर नळ्या त्याच योजनेत आहेत, पण हे काम नजरेत भरत नाही आणि रस्ते उखडत असल्याने सगळ्यांना नकोसं असतं. नवं जास्त पाणी जुन्या जीर्ण नळ्यांत सोडलं की आधी त्या फुटतात. तेव्हा 'एवढं पाणी आलं तरी गोंधळच' असे मथळे आले तर दचकू नये. मुख्य नळी भरली की नाही यापेक्षा आपल्या वॉर्डातली टाकी भरते का आणि गल्लीतली नळी बदलली का, हे विचारलेलं बरं. आपलं घर कुठल्या टाकीवर आहे, ती टाकी रोज किती फूट भरते, आपला व्हॉल्व्ह कोणता, एवढी माहिती वॉर्ड ऑफिसात मिळते. टाकीची पातळी वहीत रोज लिहिलेली असते. 'पाणी का नाही' असं विचारलं की 'वरूनच आलं नाही' हे उत्तर ठरलेलं. वही बघून विचारलं की वरून आलं होतं की नाही, ते तरी कळतं.

हे सगळं मावशीला सांगून झालं, तोवर तिचा दुसरा चहा निवला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला आणि मोरीतल्या मोटरीकडे बघत म्हणाली, "म्हणजे ही काढायची नाही ना अजून?"

"नाही," मी म्हणालो, "अजून नाही."